बसऱ्याचे आजोबा

सोमवार, १० नोव्हेंबर

काल बाळूने व्हिडिओ पाठवला, त्याच्या विलायतेतल्या गावच्या चर्चमधला. भिंतीत बसवलेली पितळी पाटी, खाली कागदाच्या लाल फुलांची चक्रं, आणि एक आजी चष्मा सावरत पहिल्या महायुद्धात गेलेल्या त्या गावच्या पोरांची नावं वाचतायत. घाई नाही. एक नाव, मग श्वास, मग दुसरं. एकच आडनाव लागोपाठ आलं तिथे त्या जरा अडखळल्या. भाऊ असतील. मग सगळे दोन मिनिटं गप्प उभे.

वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा.

आज भाकऱ्या थापतानाही तोच. बाळू लिहितो, 'आत्या, दरवर्षी वाचतात.' दरवर्षी! लढाईत पडलेल्यांना मायदेशी आणायचं नाही हे इंग्रजांनी १९१५ मध्येच ठरवलं होतं, म्हणून त्या आयांना फूल वाहायला गावात एक भिंत लागली, हे कळतं मला. पण आमच्याकडे तरी कुठे कोण आलं?

माहेरच्या चावडीत संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. दोन आकडे, तेही इंग्रजीत. नाव एकही नाही. आम्ही तिला टेकून गजगे खेळायचो. आमचा माणूस गेला त्या इराकातल्या बसऱ्याच्या स्मारकावरही तीच तऱ्हा: गोऱ्यांची नावं, आपल्या सुभेदार-जमादारांची नावं, आणि साध्या शिपायांचा नुसता हिशोब. २०२१ मध्ये त्या युद्धकबरींच्या आयोगाने माफी मागितली म्हणे. मागितली असेल.

संध्याकाळी चार पुतळ्यांवरून गेले. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. सोलापुरातलं पोरही घडाघडा म्हणेल. त्यांना १२ जानेवारी १९३१ ला फासावर चढवलं ते त्याच सरकारने, ज्याच्या पगारावर आमचा माणूस मेला. मग त्याचं नाव कुणी घ्यायचं, आणि कुठल्या तोंडाने... जाऊ दे. बाळू यंदाही दिवाळीला आला नाही, हे त्यातलंच एक असेल.

आणि हेवा कसला करतेय मी? घरात तरी त्याला नाव कुठे आहे! सगळ्यांच्या तोंडी 'बसऱ्याचे आजोबा'. म्हाळाला बाप, आजा, पणजा. बिनलग्नाचा चुलता त्यात बसत नाही. सर्वपित्रीच्या पानात त्याचाही घास असतो, एवढंच आई म्हणायची. म्हणजे कावळ्याला माहीत, आम्हाला नाही.

रात्री काकीला फोन लावला.

"कोन, बसऱ्याचा म्हातारा व्हय?"

"म्हातारा कसला काकी, विशीतलं पोरगं असेल."

"आला असता तर झालाच असता की म्हातारा!"

यावर काय बोलणार. खूप हसलो दोघी. नाव तिलाही ठाऊक नाही. अप्पाला विचारते म्हणाली, त्याचं मोतीबिंदूचं उरकलं की. आणि पलटणीत बारशाचंच नाव लावलं असेल कशावरून, असंही वर.

आयोगाच्या संकेतस्थळावर आडनाव टाकून शोधता येतं. जाधव टाकलं. ढीगभर आले. यातला आमचा कुठला, ते आता अप्पाच्या डोळ्यांवर.