तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रूस ली, बारागाड्या आणि आमच्या वस्तादांचं ‘पाय देख’

अमळनेर तालुक्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि लहानपणी सहा वर्षं तालमीत माती अंगाला लावलीय, त्यामुळे आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की मला एकच प्रश्न दोन बाजूंनी येतो. पोरं विचारतात, सर, ते ब्रूस लीचं एका इंचावरून माणूस उडवणं खरं का हो? आणि त्यांचे बाप टपरीवर गाठून विचारतात, सर, भगत एकटा बारागाड्या कसा ओढतो, तुमचं सायन्स काय म्हणतं? (बारागाड्या म्हणजे यात्रेत एकामागे एक जोडलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा गाड्या, आणि त्या ओढणारा देवीचा भक्त तो भगत.) आजवर चहा संपेपर्यंत काहीतरी सांगून सुटायचो, आता एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी ब्रूस ली, तो कुंग-फूच्या सिनेमांतला. १९६४ साली कॅलिफोर्नियात लाँग बीचला कराटेची मोठी स्पर्धा होती, तिथे त्याने हे करून दाखवलं. समोरच्याच्या छातीपासून इंचभर लांब मूठ धरली, खांदा मागे न घेता ठोसा दिला आणि तो गडी मागे ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसला. खरं आहे, चिटिंग नाही. (खुर्ची मात्र आधीच मांडून ठेवली होती, म्हणजे काय होणार हे दोघांनाही माहीत होतं.)

आता हिशोब बघा. समजा तो माणूस ७५ किलोचा आणि धक्का बसल्यावर सेकंदाला दीड मीटर वेगाने मागे गेला, म्हणजे संवेग (किलो गुणिले वेग) साधारण ११२. धक्का एक दशांश सेकंद टिकला असं धरलं तर संवेगाला त्या वेळेने भागून जोर येतो ११०० न्यूटनच्या पुढे, म्हणजे कापसाचं सव्वा क्विंटलाला थोडं कमी असं गाठोडं उचलायला लागतो तेवढा. आणि एवढ्या वेळात मूठ किती पुढे जाते? वेग शून्यापासून दीडपर्यंत वाढतो, म्हणजे सरासरी पाऊण मीटर, म्हणून साडेसात सेंटिमीटर, तीन इंच! म्हणजे एक इंच हे फक्त मुठीपासून छातीपर्यंतचं अंतर, टेकल्यानंतरही मूठ ढकलतच राहते. क्लिप हळू करून बघितली की हे सरळ दिसतं, पण आपण सगळे त्या इंचाकडेच बघत बसतो.

बरं, हा सव्वा क्विंटलाजवळचा जोर आला कुठून? ब्रूस ली स्वतः ६०-६५ किलोचा, आमच्या तालमीत त्याला ‘काडी’ म्हणाले असते. नुसत्या हाताने हे होत नाही. मागच्या पायाची टाच उचलली जाते, गुडघा सरळ होतो, कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट, आणि हे सगळं एकामागून एक अशा टायमिंगने की प्रत्येक सांधा पुढच्याला आयता वेग देतो. सुरुवात जमिनीपासून होते. न्यूटनचा तिसरा नियम कोणाला सोडत नाही, समोरच्याला जेवढा धक्का तेवढाच तुम्हालाही मागे, तो धक्का पायातून जमिनीत गेला तरच तुम्ही उभे. पटत नसेल तर पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत रुतलेली गाडी ढकलून बघा, दंड कितीही जाड असू द्या, पाय सरकला की सगळा जोर वाया.

आमचे वस्ताद चौथी शिकलेले. कोणाची कुस्ती चालू असली की हौद्याच्या काठावर आम्हाला बसवायचे आणि अहिराणीत ओरडायचे, ‘त्याना हात नको देखू, पाय देख!’ तेव्हा वाटायचं म्हातारा उगाच डोकं खातो. बीएस्सीला गेल्यावर कळलं की न्यूटनची दोन-तीन पानं ते चार शब्दांत सांगत होते.

वेगाचंही तेच. पोरं म्हणतात, त्याचा हात दिसायचाच नाही. आता सरावातला ठोसा हात-दीड हाताचं अंतर ०.१३ ते ०.१५ सेकंदात कापतो आणि डोळ्याने बघून अंग हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे मूठ निघालेली बघून तुम्ही वाचूच शकत नाही, उशीर झालेला असतो, मग भले तुम्ही कितीही चपळ असा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो, त्यात एवढा ठोसा जेमतेम तीन चित्रांत उरकतो, मग डोळ्याला काय डोंबल दिसणार. पण मूठ निघायच्या आधी वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, टाच सुटते, आणि ते आधी दिसतं. जुने पैलवान पट काढायला (पाय धरून पाडायला) येणारा हात आधीच ओळखतात तो असाच, त्यात दैवी काही नाही.

फरशी फोडण्याबद्दल मात्र मी पुस्तकातून नाही, हाडातून बोलतो. बारावीत असताना गॅदरिंगला कराटे क्लासच्या पोरांनी टाइल फोडली, टाळ्या काय, शिट्या काय, दुसऱ्या दिवशी आम्ही घरामागच्या ओट्यावर उरलेली मोझॅकची टाइल ठेवली आणि मी हाणला हात. टाइलला ढिम्म काही झालं नाही, करंगळीच्या मागचं हाड तडकलं. पंधरा दिवस हात वांग्यासारखा, भरताच्या. चूक ताकदीची नव्हतीच. मी टाइल सपाट ओट्यावर ठेवलेली, त्या पोरांनी दोन टोकांना विटा ठेवून खाली मोकळी जागा सोडलेली. मधे फटका बसला की टाइल खाली वाकते, वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, आणि सिमेंट दाब कितीही सोसतं पण ताण सोसत नाही, खालून चीर पडते आणि ती वर येते. ओट्यावर वाकायलाच जागा नाही. आणि टाइल फुटली नाही की सगळा मार परत हातात, त्यामुळे या खेळात अर्धवट जोर लावणारा जास्त मार खातो. फळी फोडायची तर तिचे रेषे उभ्या बाजूने जातात की आडव्या हे आधी बघतात, रेष्यांच्या कडेने ती सहज दुभंगते, हे सुताराचं पोरगंही सांगेल.

गळ्याला भाला लावून वाकवतात ते? लांब बारीक काठी टोकांनी दाबली की एका मर्यादेला ती वाकते, आणि एकदा वाकायला लागली की टोकावरचा जोर फारसा वाढत नाही. (तरी घरी करू नका, मी टाइलवाला माणूस आहे.) आणि सिनेमात उडी मारून घराच्या धाब्यावर जाणं, ते तारा बांधूनच. तीन मीटर वर जायला जमीन सोडताना सेकंदाला पावणेआठ मीटर वेग लागतो, ऑलिंपिकचे उंच उडीवालेही साडेचारच्या आसपास असतात.

आता बारागाड्या. इथे टपरीवर आवाज चढतात म्हणून आधीच सांगतो, श्रद्धेबद्दल मी काही बोलत नाहीये. बारा गाड्या, वर माणसं, एक गाडी ७०० किलो धरली तर ८४०० किलो. पण उचलायचं नसतं ना, लोळवायचं असतं. डांबरी रस्त्यावर चाकाला वजनाच्या दोनेक टक्के जोर लागतो असं धरू, म्हणजे १७० किलोच्या आसपास. अनवाणी सत्तर किलोच्या माणसाचे पाय न सरकता पन्नासेक किलो ओढतील. गणित जुळत नाही. म्हणून रस्त्याचा उतार बघा, शंभर मीटरला दोन मीटर उतार असला की ते १७० किलो शून्यावर येतात, आणि भगताच्या दोन्ही बाजूंचे बगले (सोबतचे मदतनीस) बघा, मागून लागलेले हात बघा. शिवाय जोडणीत ढील असते, मालगाडीसारखी, त्यामुळे पहिली हलते, मग दुसरी, सगळ्या एकदम हलवाव्या लागत नाहीत. अवघड काम पुढे आहे, गाड्या एकदा धावल्या की ब्रेक नाही, आणि भगताला त्या आठ टनांच्या पुढे पळत राहून वेळेवर बाजूला व्हायचं असतं. चाकाखाली माणूस आल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथे खरं काळीज लागतं.

हे एका यात्रेत मी एका म्हाताऱ्या भगताला भीतभीत विचारलं. मला वाटलं रागावेल. तो बिडी विझवून म्हणाला, ‘सर, मी एकटा कुठे ओढतो, आई ओढते, बगले ओढतात, गाव ओढतं.’ मग पाय पुढे करून तळवा दाखवला, अंगठ्याखाली डांबर चिकटून काळंकुट्ट झालेलं, आणि म्हणाला, ‘माझं काम एवढंच.’