तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मग मी नरकात जाणार का?’

मी ख्रिस्ती आहे हे माहीत असलेल्या माणसांशी ओळख जरा मुरली की हा प्रश्न येतोच. बहुधा हसत हसत येतो, पण विचारणाऱ्याला उत्तर खरंच हवं असतं. ‘मी कुणाचं वाईट केलेलं नाही, पण येशूला मानत नाही. मग तुमच्या हिशेबाने मी नरकात जाणार का?’ त्यालाच जोडून दुसरा: ‘आणि एखाद्या खुन्याने मरतामरता क्षमा मागितली की तो स्वर्गात? हा कुठला न्याय?’

‘अहो, सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात’ असं म्हणून मोकळं होता येतं, समोरचाही खूश होतो. पण ते ख्रिस्ती उत्तर नव्हे. ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ हे येशूचे शब्द योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, आहेत आणि ते गाळून पुढे जायची मला मुभा नाही. तारण, म्हणजे पापातून आणि त्याच्या शिक्षेतून सुटका, ख्रिस्तामुळे होतं, इथवर रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट सगळे एक आहेत. भांडण पुढे आहे: ख्रिस्तामुळे तारण होतं ते कुणाकुणाचं?

आधी खुन्याचं बघू. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराची गोष्ट लूकने आपल्या शुभवर्तमानात सांगितली आहे. या माणसाला केलेल्याची भरपाई करायला वेळ नाही. बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही. हलवायला हातसुद्धा मोकळे नाहीत. आपल्याला झालेली शिक्षा योग्यच आहे, एवढं तो कबूल करतो आणि येशूला म्हणतो, माझी आठवण ठेवा. उत्तर मिळतं, ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ लोकांना इथवर ठाऊक असतं. पुढचं योहानाने लिहिलं आहे: संध्याकाळी शिपाई आले आणि त्यांनी येशूबरोबरच्या दोघांचे पाय मोडले. क्षमा मिळालेला माणूस त्या लाकडावरून खाली उतरला नाही, शिक्षा पुरती भोगूनच मेला. ‘माफी मागितली की सुटला’ असं जे आमच्याबद्दल समजलं जातं, त्याला या गोष्टीत आधार नाही.

तरी मनाला टोचतंच. येशूने ते टोचणं ओळखून एक दाखला दिला आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून राबलेल्यांना एक दीनार देतो आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यांनाही एकच दीनार देतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात. मालक म्हणतो, ठरलेलं तुला दिलं ना? मग मी उदार आहे हे तुला का खुपतं? खरं सांगायचं तर हा दाखला ऐकताना मी अजूनही पहाटेच्या मजुरांच्या बाजूला असतो. कृपा ही गोष्ट ती दुसऱ्याला मिळताना फार क्वचित आवडते.

आता ‘मी कुणाचं वाईट केलं नाही’ याबद्दल. या वाक्यामागे पाप-पुण्याची एक खतावणी गृहीत आहे: जमा जास्त तर वर, खर्च जास्त तर खाली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणातही, न्यायाच्या वेळी पुस्तकं उघडली जातात, हे खरं. पण त्या हिशेबावर कुणीच तरत नाही, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारासुद्धा नाही, हे ख्रिस्ती शिकवणीचं मूळ आहे. येशूचा प्रेषित पौल आपल्या पत्रात म्हणतो, तारण कृपेने, विश्वासाद्वारे होतं, कर्मांनी नाही. म्हणजे कुणी बढाई मारू नये. बायबलमधल्याच दुसऱ्या एका पत्रात याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. या ओढाताणीवरून 1517 नंतर, मार्टिन लूथरच्या बंडापासून, पश्चिमेचं चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं दुभंगलं. 1999 साली ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरच्या परंपरेतल्या चर्चेसचा लूथरन जागतिक संघ यांनी या मुद्द्यावरच्या एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मधल्या शतकांत त्यापायी किती रक्त सांडलं ते आठवून मी सहसा गप्प बसतो.

राहिला तो विश्वास न ठेवणारा भला माणूस. इथे आमचा इतिहास कडक आहे. 1442 मध्ये कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स परिषदेने चर्चबाहेरच्यांना सार्वकालिक अग्नीच सांगितला होता. त्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये वेगळा सूर लावला: ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. ‘होऊ शकतं’, ‘होतंच’ नव्हे. बायबलच्या शब्दाला घट्ट धरणाऱ्या अनेक इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट पाळकांना एवढी सैल दोरीही मान्य नाही. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मते तर अखंड छळ असा नाहीच, दुष्ट शेवटी नाहीसेच होतात. तेव्हा ‘तुमचा धर्म काय म्हणतो’ असं एकवचनी विचारलंत तर माझी पंचाईत होते.

पोपसुद्धा यात अडखळले आहेत. बाविसावा जॉन हा पोप 1331 पासून प्रवचनांतून सांगू लागला की संतांच्या आत्म्यांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. पॅरिसचे धर्मपंडित खवळले. 1334 मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याने आपलं म्हणणं मागे घेतलं आणि दोन वर्षांनी त्याच्या वारसाने उलट निर्णय देऊन वाद मिटवला. मला हा पोप आवडतो. मरणापलीकडचा नकाशा तोंडपाठ असल्यासारखं बोलणाऱ्यांना मी त्याचं नाव सांगतो. तसंही आमच्या मतांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, आत्मा उडून ढगात जातो असं काही नाही. तिथे आहे ‘शरीराचे पुनरुत्थान’, जे सुशिक्षित श्रोत्याला जास्त अवघड जातं.

आणखी एक. कॅथलिक चर्चने आजवर कितीतरी जणांना संत म्हणून घोषित केलं, म्हणजे ते स्वर्गात आहेत असं अधिकृतपणे सांगितलं. अमुक माणूस नरकात आहे असं मात्र चर्चने कुणाचंच नाव घेऊन घोषित केलेलं नाही, येशूला दगा देणाऱ्या यहूदाचंही नाही. मग तुमचं नाव मी कोण घेणार?

यावर आमच्यातलाच कुणीतरी मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायावर, शेवटच्या न्यायाच्या वर्णनावर, बोट ठेवील. तिथे मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे होतात आणि डावीकडच्यांना ‘सार्वकालिक शिक्षा’ होते. वचन आहे, ते मी खोडत नाही. पण दोष कोणता लावला आहे तेही वाचावं: मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं नाहीत, आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही आला नाहीत. निकाल ऐकून दोन्ही बाजू सारख्याच चकित होतात. आणि डावीकडचे तक्रार करतात ती ‘प्रभो’ म्हणूनच करतात. त्यांना तो परका नव्हता. म्हणून तो अध्याय वाचताना मला काळजी वाटते ती तुमच्यापेक्षा आमची.