तुम्ही विचारलंत म्हणून: मोठं पॅकेट का नको?

जालन्यात टीएमटी सळयांच्या मिलमध्ये ऑटोमेशनचं काम करतो. नवं पोरगं आलं की आठवड्यात विचारतंच, "सर, मशिनांचे निरोप दहा-दहा बाइटचे काय पाठवता? एकदाच मोठं पॅकेट सोडलं तर लाइन वाया जाणार नाही ना?"

खरंय ते. प्रोफिबस म्हणजे कारखान्यातली मशिनं एकाच तारेवर जोडणारं नेटवर्क, आणि त्यावरच्या पॅकेटला म्हणायचं टेलिग्राम. त्यात डेटा सोडून नऊ बाइट वेष्टनाचे, म्हणजे पत्ता, तपासणी वगैरे. डेटा दहाच बाइट असला तर निम्मी लाइन वेष्टनातच गेली. 255 बाइटचा टेलिग्राम गच्च भरला तर ते नऊ जाणवतही नाहीत.

पण आमची विहीर भावकीत सामाईक आहे, बारी ठरलेली. गव्हाला दारं धरताना भरत आलेला वाफा अर्धा टाकून कुणी पाणी देत नाही. वाफा मोठा असला की चुलता बांधावर ताटकळतो, आणि तेवढ्यात लाइट गेली की भांडण. लहान वाफे पाडले तर जमीन वरंब्यात जाते.

टोकनचंही तेच. टोकन म्हणजे तारेवर बोलायची बारी, एकाकडून दुसऱ्याकडे फिरणारी. ते जेमतेम तीन बाइटचं, पण ज्याच्या हाती तोच बोलणार, आणि सुरू झालेला टेलिग्राम मध्येच तोडता येत नाही. तारेवर एक बाइट 11 बिटांचा, म्हणजे 255 बाइटचे 2805 बिट. सेकंदाला 1.5 मेगाबिट वेगावर दोन मिलिसेकंदसुद्धा नाहीत. पण तो वेग 200 मीटर केबलपर्यंतच. मध्ये रिपीटर, म्हणजे सिग्नल ताजा करणारा डबा, न लावता 1000 मीटर ओढली की 187.5 किलोबिटवर उतरावं लागतं, आणि तेच पॅकेट 15 मिलिसेकंद खातं. सेकंदाला दहा मीटरने पळणारी सळई तेवढ्यात चांगली पंधरा सेंटिमीटर पुढे जाते.

"मग सगळ्यांना सारखा वेळ द्या" हा पुढचा प्रश्न. कशाला? एफडीडीआय या फायबरच्या जुन्या टोकनवाल्या नेटवर्कमध्ये फेरीचा लक्ष्यवेळ, म्हणजे टोकन किती वेळात फिरून यावं ते, आधी ठरतो. प्रत्येकाचा राखीव वाटा, टोकन फिरण्याचा वेळ आणि एका सर्वांत मोठ्या पॅकेटचा वेळ, एवढी बेरीज त्यात बसली की टोकन परत यायला लक्ष्यवेळाच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ लागत नाही. म्हणून 20 मिलिसेकंदांत निरोप पोचायचा असेल तर लक्ष्यवेळ दहाच्या वर नेता येत नाही. आणि त्या बेरजेतलं पॅकेट जेवढं मोठं, तेवढं वाटायला कमी उरतं.

मग उत्पादनाचे रिपोर्ट? तुकडे करून, उरल्यासुरल्या वेळात. साहेब तोवर चहा घेतात.