फक्त ग्रंथालयात वाचावे

आमच्या रविवारच्या ऑनलाइन वाचनगटात सध्या ताराबाई शिंदे चालू आहेत. बायकांनाच दोष देणाऱ्या पुरुषांना जाब विचारणारं त्यांचं पुस्तक ‘स्त्रीपुरुष तुलना’, १८८२. अडगळीत पडलेलं पुस्तक काढायचं, आळीपाळीने मोठ्याने वाचायचं आणि ‘थोडक्यात सांगतो’ म्हणणाऱ्याला म्यूट करायचं, एवढाच आमचा कारभार.

भारतातल्या मंडळींकडे नव्या आवृत्त्या आहेत. मला हवी होती १९७५ची, स. गं. मालशे यांनी काढलेली. मूळ पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पत्रिकेत बाईंची बाजू घेतली आणि मग सगळं सामसूम, ते थेट मालशांपर्यंत.

इथे ओहायोत, गावच्या ग्रंथालयात सहज विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी एकेक अक्षर विचारून नाव लिहून घेतलं आणि दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातून पुस्तक मागवलं. फुकट! गटावर फोटो टाकून मी यथेच्छ मिरवलं.

मग पुस्तकावरचा कागदी पट्टा वाचला. फक्त ग्रंथालयात वाचावे. झेरॉक्स नाही. मुदतवाढ नाही.

डोकंच फिरलं. आमची ताराबाई, आणि मला घरी न्यायला बंदी? बरं, ही पुस्तकं इथे आली कशी? पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली भारतात आलेल्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत चुकवले. त्यातल्याच काही रुपयांतून १९६२पासून यांच्या संसदेच्या ग्रंथालयाचं दिल्लीतलं कार्यालय आपली पुस्तकं विकत घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवू लागलं. म्हणजे आपल्याच पैशांची पुस्तकं! नवरा म्हणाला, ‘गहू खाल्ला होता ना?’ त्याच्याशी मी नंतर बोलले.

पण प्रत बघाल तर कोरी करकरीत. एका पानाचा कोपरा दुमडलेला नाही, समासात कुणाचं ‘वा!’ नाही. जपलेली म्हणावी की न वाचलेली? तुम्ही म्हणाल, तिकडे बसून कसले मराठीचे कढ काढतेस. असू दे. तुमच्या वाचनालयातलं दिवाळी अंकांमागचं कपाट शेवटचं कधी उघडलं होतं? (देणग्यांवर तग धरलेली शंभरी पार केलेली आपली नगर वाचनालयं मला ठाऊक आहेत. राग त्यांच्यावर नाही.)

आमचा गट भरतो भारतात रात्री आठला. तेव्हा इथे रविवार सकाळ, ग्रंथालयाला कुलूप. म्हणून शनिवारी तिथे बसून माझ्या वाट्याची पानं वहीत उतरवते. हाताने लिहिताना कळतं, बाई पुरुषांना ‘तुम्ही’ म्हणत कशा कोपऱ्यात गाठतात ते. सुरतेच्या एका विधवेला पोटच्या तान्ह्या बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली, त्या संतापातून हे लिहिलेलं. परवा मी वाचत होते तेव्हा एरवी सतत मध्ये बोलणारे दोन काका गप्प होते. नागपूरच्या काकू मात्र म्हणाल्या, ‘अगं, थांबू नको, वाच.’

नंतर त्यांनी त्यांची प्रत टपालाने पाठवायची तयारी दाखवली. टपालखर्चाचं कारण सांगून मी नको म्हटलं. पुढच्या फेरीला बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ सुचवलंय. गटाचं अजून ठरायचंय, पण ग्रंथालयात अर्ज मी देऊन आलेय.