दहावी जागा

सर्वकालीन सर्वश्रेष्ठ दहा चित्रपटांची यादी करायला बसलेला माणूस पहिली पाच-सहा नावे फारसा विचार न करता लिहून टाकतो. ती नावे त्याने निवडलेली नसतात; ती वर्षानुवर्षे त्याच्या मनात मुक्कामाला असतात. सातव्या नावापाशी लेखणी थोडी अडखळते, आठव्या-नवव्या नावाला खाडाखोड सुरू होते, आणि दहाव्या जागेपाशी येईपर्यंत दारात इतकी गर्दी झालेली असते की कोणाला आत घ्यावे यापेक्षा कोणाला कोणत्या तोंडाने परत पाठवावे, हाच प्रश्न मोठा होतो. माझे तर असे मत झाले आहे की, खरी निवड होते ती याच एका जागेवर. उरलेल्या नऊ जागांवर आपण आधीच ठरलेल्या गोष्टींची नोंद तेवढी करतो.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या ‘साइट अँड साउंड’ या मासिकाने १९५२ साली समीक्षकांकडून अशा याद्या पहिल्यांदा मागवल्या आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी हा कौल घेण्याची प्रथा पाळली. त्याची रीत मोठी मजेदार आहे. प्रत्येकाने दहा चित्रपटांची नावे द्यायची, त्यांचा क्रम कसाही असला तरी चालतो, कारण मोजणीत प्रत्येक नावाला एकच मत मिळते. म्हणजे ज्या चित्रपटाने आपले आयुष्य बदलले असे आपण शपथेवर सांगू आणि जो आपण अगदी शेवटच्या घटकेला, दुसऱ्या चारपाच चांगल्या चित्रपटांची क्षमा मागून, आत ढकलला, त्या दोघांचे वजन सारखेच भरते. २००२ साली ‘सिटिझन केन’ला ४६ मते मिळाली आणि ‘व्हर्टिगो’ला ४१. पाच मतांच्या या फरकाने ‘केन’चे १९६२ पासूनचे पहिले स्थान आणखी दहा वर्षे टिकले. त्या पाच मतांपैकी काही मते कोणाच्या तरी दहाव्या जागेवरची असणार, असा माझा दाट संशय आहे.

पुढच्या खेपेला, २०१२ साली, ‘व्हर्टिगो’ पहिला आला. तेव्हा ८४६ जणांनी आपापल्या याद्या पाठवल्या होत्या आणि त्यांतल्या १९१ याद्यांत त्याचे नाव होते. बातम्यांमध्ये ‘जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट’ असे मथळे आले आणि ते रीतीप्रमाणे बरोबरही होते. परंतु त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की, ६५५ जाणकारांनी आपल्या पहिल्या दहांत या चित्रपटाला जागा दिलेली नव्हती. जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटाला त्याच्याच परीक्षकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी वगळलेले असते, ही गोष्ट मला फार आवडते. तिच्यामुळे या सगळ्या उद्योगातला दरारा कमी होतो आणि आपलीही यादी करून पाहण्याची हिंमत येते.

पहिल्या कौलात, म्हणजे १९५२ साली, पहिला आला होता व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’. तो तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. सर्वकालीन म्हणून निवडलेला चित्रपट चार वर्षांचा असावा याचे तेव्हा कोणाला फारसे वाटले नसावे, कारण खुद्द चित्रपटकलेचेच वय साठीच्या आत होते. वीस वर्षांनी तो पहिल्या दहांतून बाहेर गेला. आपल्याला मात्र त्या यादीचा शेवट पाहण्यात अधिक रस आहे. तिथे दहाव्या क्रमांकावर सारख्या मतांचे तीन चित्रपट होते: ‘ब्रीफ एन्काउंटर’, ‘ल मिलियाँ’ आणि ज्याँ रेन्वार यांचा ‘द रूल्स ऑफ द गेम’. पहिल्या क्रमांकाचा चित्रपट ओसरला, शेजारचे दोघे ओसरले, आणि दहाव्या जागेवर कसाबसा शिरलेला रेन्वारांचा चित्रपट मात्र पुढच्या साठ वर्षांतल्या प्रत्येक कौलात पहिल्या दहांत राहिला. १९५२ ते २०१२ या सातही कौलांत पहिल्या दहांत असलेला तो एकमेव चित्रपट आहे.

त्याची हकिकत इथे सविस्तर सांगायलाच हवी. १९३९ च्या जुलै महिन्यात, महायुद्ध दोन महिन्यांवर आलेले असताना, हा चित्रपट पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. एका ग्रामीण हवेलीत शिकारीसाठी जमलेली धनिक मंडळी, त्यांचे नोकरचाकर, दोघांच्याही घरातली प्रेमप्रकरणे आणि सगळ्यांचे सफाईदार खोटे बोलणे असा तो विषय. प्रेक्षक खवळले. रेन्वारांनी घाबरून कापाकापी केली, पुन्हा केली, तरी कोणाचे समाधान झाले नाही. पुढे सरकारने राष्ट्राचे मनोधैर्य खचवणारा चित्रपट म्हणून त्यावर बंदी घातली. युद्धात मित्रराष्ट्रांच्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बमध्ये मूळ निगेटिव्हही नष्ट झाली. म्हणजे १९५२ साली ज्या समीक्षकांनी या चित्रपटाला मत दिले, त्यांनी पाहिलेली होती ती कापलेली, तोकडी प्रत. त्या चिंध्यांमध्ये त्यांना काय दिसले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. असल्या अवस्थेतल्या चित्रपटाला पहिली जागा कोणी देणार नाही. पण दहाव्या जागेवर माणूस थोडा उदार होतो, थोडा हट्टीही होतो, आणि इतरांना पटणार नाही हे ठाऊक असूनही एखादे नाव लिहून जातो.

पुढे काही चाहत्यांनी युद्धातून वाचलेल्या फिल्मच्या पेट्या शोधून काढल्या, तुकडे जुळवले, रेन्वारांना विचारून विचारून क्रम लावला आणि १९५९ साली १०६ मिनिटांचा सलग चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला. त्यानंतरच्या, १९६२ च्या कौलात तो तिसरा आला. याला योगायोग म्हणणे मला कठीण वाटते. चित्रपट तोच होता, गुणही तेच होते. पाहण्याजोगी प्रत नव्हती ती आता आली होती.

श्रेष्ठतेची चर्चा करताना आपण अभिनय, छायालेखन, पटकथा असल्या गोष्टींविषयी तासन् तास बोलतो आणि ही साधी गोष्ट सोडून देतो की, जो चित्रपट पाहायलाच मिळत नाही तो कोणाच्याच यादीत जात नाही. जपानी दिग्दर्शक ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ चा. तो न्यूयॉर्कमध्ये नियमितपणे दाखवला गेला तो १९७२ मध्ये आणि या कौलात पहिल्या दहांत आला १९९२ मध्ये. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळली, तिच्यातल्या वाचलेल्या भागांवरून बोलोन्यातल्या तंत्रज्ञांनी खपून नवी प्रत तयार केली आणि २०१५ पासून जगाने तो चित्रपट पुन्हा स्वच्छ डोळ्यांनी पाहिला. डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांच्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ या मूकपटाची हरवलेली मूळ स्वरूपातली प्रत तर १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या अडगळीतून बाहेर आली. हे सुदैवी म्हणायचे. अमेरिकेत मूकपटांच्या काळात निघालेल्या सुमारे अकरा हजार कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले केवळ १४ टक्के आहेत, असे तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालात नोंदलेले आहे. त्यामुळे ‘सर्वकालीन’ या विशेषणाचा अर्थ प्रत्यक्षात ‘आग, बॉम्ब आणि बेपर्वाई यांतून वाचलेले’ इतकाच उरतो.

याला उलटा जाणारा एक दाखला आहे आणि तो सांगितला नाही तर माझी बाजू फार सोपी होईल. हिचकॉक यांनी ‘व्हर्टिगो’चे हक्क स्वतःकडे ठेवून तो बरीच वर्षे बाजारातून काढून घेतला होता, त्यांच्या निधनानंतर, १९८३-८४ च्या सुमारास, तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. तरीही १९८२ च्या कौलात, म्हणजे तो सहजासहजी पाहता येत नसतानाच, त्याने पहिल्या दहांत प्रवेश केला. नुसत्या आठवणीवर मते पडली. अर्थात हा चित्रपटच हरवलेल्या बाईला आठवणीतून पुन्हा घडवू पाहणाऱ्या पुरुषाचा आहे, तेव्हा त्याला मते देण्याची यापेक्षा समर्पक रीत सापडली नसती.

दहाव्या जागेवर मला नेहमी छळणारा प्रश्न म्हणजे विनोदी चित्रपटांचा. पहिल्या नऊ नावांत हसवणारा चित्रपट घ्यायला माणूस कचरतो. आपण गंभीर नाही असे कोणाला वाटेल, ही भीती एकांतात लिहितानाही सुटत नाही. १९५२ चे समीक्षक या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळे होते, त्यांनी चॅप्लिनचे दोन चित्रपट थेट दुसऱ्या क्रमांकावर बसवले होते. पुढे मात्र हसू बहुतेकदा खालीच राहिले. १९८२ साली मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन याचा ‘द जनरल’ होता तो दहाव्या जागेवर. २०२२ साली ‘सिंगिंग इन द रेन’ हा हसरा संगीतपट आहे तो दहाव्या जागेवर, आणि त्याच्या वरच्या नऊ चित्रपटांत एखाददुसरे स्मित सोडले तर हसण्याजोगे फार काही घडत नाही. कीटनने ‘द जनरल’साठी खरे रेल्वे इंजिन खऱ्या पुलावरून खऱ्या नदीत पाडले, तेही एकदाच, कारण दुसरे पाडण्याची सोय नव्हती. १९२६ सालच्या त्या चित्रपटाने पैसे बुडवले, समीक्षकांनीही तो फारसा उचलून धरला नाही, आणि थोड्याच काळात कीटनला आपल्या मर्जीने चित्रपट काढण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागले. आज तो पाहताना त्याच्या निर्विकार चेहऱ्याखाली चाललेला हिशेब मला थक्क करतो: कॅमेरा कुठे, रुळ कुठे, उडी कुठल्या क्षणी. एखाद्या दुःखी चित्रपटात इतका काटेकोरपणा असता तर त्यावर प्रबंध लिहिले गेले असते. हसवणाऱ्या चित्रपटाच्या वाट्याला टाळ्या येतात आणि टाळ्या वाजवणारे हात मत देताना दुसरीकडे वळतात.

आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावरच्या लाखो प्रेक्षकांच्या यादीत अशी कुचंबणा नाही. तिथे प्रत्येक चित्रपटाला दहापैकी गुण द्यायचे असतात आणि हवे तितक्या चित्रपटांना दहापैकी दहा देता येतात. तिथे २००८ पासून पहिल्या जागेवर ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ आहे, जो १९९४ साली चित्रपटगृहांत फारसा चालला नव्हता. मला तो आवडतो, आणि तो न आवडणारा माणूस मला सहसा भेटत नाही, हेच त्याच्या पहिल्या क्रमांकाचे कारण असावे. कोणालाच नकोसा न वाटणे हा मोठा गुण आहे. परंतु ज्या यादीत कोणालाही बाहेर काढावे लागत नाही, त्या यादीतून ती करणाऱ्याविषयी मला काहीच कळत नाही. मित्राने दहा नावे सांगितली की मी अकराव्या-बाराव्याची चौकशी करतो. काय सोडले आणि ते सोडताना कितपत हळहळ वाटली, यात त्याची आवड मला नीट दिसते.

एवढे सगळे मनाशी घोळवूनही माझी दहावी जागा स्थिर राहत नाही. एकदा पाहून भारावलो म्हणून कोणाला तिथे बसवायचे नाही, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे. पहिल्या वेळी आपण कथेच्या मागे धावत असतो. दुसऱ्या वेळी पुढे काय होणार हे ठाऊक असते, आणि तरीही जो चित्रपट खुर्चीला खिळवून ठेवतो त्याचाच विचार व्हावा. तारुण्यात पाहिलेल्या काही चित्रपटांना या नियमाने मुकावे लागले. त्यांच्याविषयीचे प्रेम कमी झालेले नाही, पण ते प्रेम त्या वयाचे आहे हे आता कळते.

या नियमाची खरी कसोटी लागली ती २०२२ च्या निकालाने. त्या वर्षी १,६३९ जणांनी मते दिली आणि पहिली आली शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेची १९७५ ची ‘जान दिएलमन’. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट या कौलात प्रथमच पहिल्या क्रमांकावर आला. एका विधवेचे ब्रसेल्समधल्या घरातले तीन दिवस, त्यात बटाटे सोलणे, भांडी घासणे, दिवे मालवणे, सगळे त्या त्या कामाला लागेल तितका वेळ देऊन दाखवलेले. आधीच्या कौलात हा चित्रपट पस्तिसाव्या-छत्तिसाव्या जागेच्या आसपास होता, त्यामुळे अनेकांनी भुवया उंचावल्या आणि ही मते समीक्षणाची नसून हवेची आहेत असे ठणकावून सांगितले. मला तो आक्षेप पुरता पटत नाही. हवा नसलेला कौल आजवर कोणता झाला? १९६२ साली दुसरा आलेला ‘लाव्हेंतुरा’ तेव्हा दोन वर्षांचा होता, कानच्या महोत्सवात त्याची हुर्यो उडाली होती, आणि १९९२ पासून तो पहिल्या दहांत दिसलेला नाही.

तूर्त माझ्या दहाव्या जागेवर कीटनचा ‘द जनरल’ आहे आणि रेन्वार वरच्या नऊ जणांत असल्यामुळे त्यांची काळजी नाही. आकरमान यांचा चित्रपट मी अद्याप दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. तो २०१ मिनिटांचा आहे आणि मधे उठून पाहण्यासारखा नाही. तेवढा सलग वेळ मिळाला की कीटनच्या जागेचा फेरविचार करावा लागेल, आणि त्याला उठवावे लागले तर मला वाईट वाटेल.