आमची वाटचाल : मांडणीचं बिल

आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात चित्रांची टंचाई कधीच नव्हती. दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या चित्रकला महाविद्यालयांतून दरवर्षी नवी मुलं बाहेर पडतात, जलरंगात हात बसलेली माणसं तर गल्लोगल्ली सापडतात. पण चित्रं निवडायची कशी, कुठलं कुणाशेजारी लावायचं, हेही पैसे मोजून करून घ्यायचं काम आहे, असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. आम्ही नेमकं त्याच कामाचं दुकान थाटलं.

सुरुवातीची प्रदर्शनं शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात झाली. संस्थांच्या अंदाजपत्रकात हॉलचं भाडं, फ्लेक्स, चहा-नाश्ता, शाल-श्रीफळ सगळं असायचं, मांडणीपुढे शून्य. "त्यात काय ओ, खिळंच ठोकायचं न्हवं?" असं एका अध्यक्षांनी आम्हाला तोंडावर विचारलं. मग आम्ही बिलात कामं फोडून लिहायला लागलो : चित्राची तपासणी, माउंट (चित्र आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी जाड कागदाची चौकट), वाहतूक, लेबलं, प्रकाश. ओळी दिसल्या की पैसे निघतात, निदान घासाघीस तरी सुरू होते.

तपासणीची गंमत वेगळीच. जुन्या निसर्गचित्राची फ्रेम मागून उघडली की आत हमखास साधा पुठ्ठा निघतो. त्यातलं आम्ल कागदात उतरून चित्राला कडेनं तपकिरी पट्टा आलेला असतो. मध्ये माउंट नसेल तर कागद काचेलाच चिकटतो आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात आभाळाच्या निळ्या रंगावर बुरशीचे ठिपके धरतात. असं चित्र ओढून काढायचं नसतं. ते जाणकाराकडे पाठवावं लागतं आणि तो खर्च ऐकून संस्था गप्प होते. जलरंगाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर प्रकाश नको, हे आम्ही बजावून सांगतो. तरी उद्घाटनाला व्हिडिओवाला हॅलोजन घेऊन हजर!

विक्रीवर टक्केवारी आम्ही घेत नाही, ठरलेली फी घेतो. टक्केवारीवर पोट असतं तर भिंतभर रंकाळ्याचे सूर्यास्तच लावले असते.

संस्थांचं खरं दुखणं कागदांचं आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृती आहे, म्हणजे सीएसआरचा, कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचा, पैसा चित्रांनाही मिळू शकतो. पण १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते, तिच्यासाठी १२ए आणि ८०जी ही आयकर सवलतीची प्रमाणपत्रं लागतात, आणि त्यांचंही ठरावीक मुदतीनं नूतनीकरण आलं. आमच्याकडे येणाऱ्या संस्था चित्रकारांनी उभारलेल्या. ऑडिट रखडलेलं, विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात पडून, कागदोपत्री विश्वस्त म्हणून अजून कैलासवासी मंडळी! अशी संस्था कंपनीच्या दारात गेली की पहिल्याच टेबलावरून परत येते. गुणवत्तेचा प्रश्न तिथवर पोचतच नाही. म्हणून हल्ली आम्ही प्रदर्शनाची तारीख धरण्याआधी फाइल मागतो. काही जण चिडतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली वास्तू आगीत गेली आणि सगळं गाव हळहळलं. त्यानंतर पहिल्यांदाच एका संस्थेनं आपणहून विचारलं, "आमच्या कपाटांतल्या चित्रांची यादी करून द्याल का?" तोवर अशा यादीला पैसे पडतात हे सांगायचीही सोय नव्हती.

आता पावसाळ्यात आम्ही प्रदर्शनं घेत नाही, याद्यांचं काम करतो. प्रत्येक चित्राचा फोटो, माप, माध्यम, सही आहे की नाही, पाठीमागे काय लिहिलंय, कुणी दिलं. फी प्रदर्शनापेक्षा कमी, पण वेळेवर मिळते. त्या संस्थेचं पहिलं कपाट पूर्ण झालंय. दुसऱ्याची किल्ली माजी सचिवांकडे आहे. ते पुण्याला मुलाकडे गेलेत, दिवाळीला येतो म्हणालेत.