कोरे कार्ट्रिज आणि फॅमिकॉमवरची मराठी

निन्टेन्डो या जपानी कंपनीचे फॅमिकॉम हे व्हिडिओ गेमचे यंत्र १९८३ साली जपानमध्ये विक्रीस आले आणि पुढे त्याच्या असंख्य नकला भारतातल्या घरांत पोहोचल्या. या यंत्राचे कार्ट्रिज, म्हणजे आपण ज्याला कॅसेट म्हणत आलो ती वस्तू, उघडून पाहिले तर आत फार थोडे सामान दिसते: साठ पिनांची कडा असलेला एक बोर्ड, त्यावर दोन मेमरी चिप आणि बऱ्याचदा त्यांच्या शेजारी आणखी एक चिप. दोन मेमरींपैकी एकीत प्रोग्राम असतो आणि दुसरीत चित्रे असतात. पहिलीशी सीपीयू हा मुख्य प्रोसेसर बोलतो, दुसरीशी पीपीयू हा चित्रे काढणारा प्रोसेसर बोलतो आणि दोघांच्या तारा वेगळ्या असतात. कार्ट्रिज आत सरकवले की त्याच्या चिप यंत्राच्या मेमरीचाच भाग होतात. गेम कुठून तरी वाचून आत आणावा लागत नाही, तो पहिल्या क्षणापासून तिथेच असतो.

पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्ट्रिजची, ज्यांना सर्वत्र फ्लॅश कार्ट म्हटले जाते त्यांची, ओळख बहुतेक वेळा ‘एका कार्ट्रिजमध्ये सगळे गेम’ अशी करून दिली जाते. ती ओळख मला अपुरी वाटते. अनेक गेम एकत्र असलेली कार्ट्रिजे आपल्याकडे नव्वदच्या दशकातही भरपूर होती. वेष्टणावर ‘९९९९ इन १’ छापलेले असायचे आणि यादीत तेच मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून येत असत. त्या कार्ट्रिजांत जे नव्हते आणि फ्लॅश कार्टमध्ये जे आहे, ते म्हणजे लिहिण्याची सोय. आपण रचलेला प्रोग्राम, आपण काढलेली चित्रे खऱ्या यंत्रावर चालवून पाहण्याची वाट त्यामुळे सामान्य माणसाला मोकळी झाली, आणि फ्लॅश कार्टचे खरे मोल त्यातच आहे असे माझे ठाम मत आहे.

ही कल्पना छंदी लोकांनी नव्याने शोधलेली नाही. १९८६ साली निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉमसाठी डिस्क सिस्टिम आणली, तेव्हा दुकानांत ठेवलेल्या डिस्क रायटर यंत्रावर ५०० येन देऊन जुन्या डिस्कवर नवा गेम लिहून घेता येत असे. १९९७ साली कंपनीने लॉसन या दुकानसाखळीत सुपर फॅमिकॉम या फॅमिकॉमनंतरच्या यंत्रासाठी तशीच सेवा सुरू केली आणि २००० साली ती गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रालाही लागू केली. या वेळी डिस्कऐवजी फ्लॅश मेमरीचे कार्ट्रिज होते, जे ग्राहक दुकानात नेऊन पुन्हा पुन्हा भरून घेत असे. ही सेवा २००७ सालापर्यंत टिकली. म्हणजे पुन्हा लिहिता येणारे कार्ट्रिज खुद्द कंपनीनेच विकले होते. फक्त लिहिण्याचे यंत्र दुकानात, कुलपात होते.

घरी बसून लिहायचे असेल तर पूर्वी ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप हाच मार्ग होता. या चिपच्या पाठीवर काचेची लहान खिडकी असते आणि तिच्यातून अतिनील प्रकाश पाडला की आतला मजकूर पुसला जातो. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. प्रोग्राममधली एक ओळ बदलायची म्हणजे चिप काढा, दिव्याखाली ठेवा, प्रोग्रामर या चिप लिहिणाऱ्या उपकरणावर लिहा, परत बसवा. विजेने पुसता येणाऱ्या फ्लॅश चिपनी हा त्रास मिटवला. एसएसटी३९एसएफ०४० ही ५१२ किलोबाइटची चिप या कामात बरीच वापरली जाते. ती पाच व्होल्टवर चालते आणि तिचा चार-चार किलोबाइटचा भाग स्वतंत्रपणे पुसता येतो. फ्लॅशचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवावा लागतो: लिहिताना तिच्यात १ चा ० करता येतो, ० चा १ करायचा तर तो संपूर्ण भागच पुसावा लागतो. शिवाय पुसणे किंवा लिहिणे चालू असताना त्या चिपमधून प्रोग्राम वाचता येत नाही. म्हणून चालू गेमला आपली प्रगती त्याच चिपमध्ये साठवायची असेल, तर लिहिण्यापुरता प्रोग्राम आधी यंत्राच्या दोन किलोबाइट रॅममध्ये उतरवून तिथून चालवावा लागतो. हे समजून घेताना मला जो आनंद झाला, तो तयार गेम खेळून मिळणाऱ्या आनंदापेक्षा निश्चितच मोठा होता.

एसडी कार्डावर चालणारी एव्हरड्राइव्हसारखी कार्ट्रिजे यापुढचा टप्पा आहेत. त्यांतले एसडी कार्ड पाहून गेम थेट त्यावरून चालतो असा समज होतो, पण तसे होऊ शकत नाही. फॅमिकॉमचा सीपीयू १.७९ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याचे एक आवर्तन सुमारे ५६० नॅनोसेकंदांचे असते आणि मागितलेला बाइट त्याला तेवढ्या वेळात मिळायलाच हवा. थांबण्याची त्याला सोय नाही. एसडी कार्ड मात्र ५१२ बाइटचे ठोकळे देते आणि तेही आपल्या सवडीने. त्यामुळे यंत्र सुरू झाल्यावर कार्ट्रिजमधला यादीचा प्रोग्राम चालतो, आपण निवडलेली फाइल कार्डावरून कार्ट्रिजमधल्या वेगवान मेमरीत उतरवली जाते आणि मगच गेम सुरू होतो.

उरते ती तिसरी चिप. कार्ट्रिजमधल्या प्रोग्रामासाठी फॅमिकॉमचा सीपीयू एका वेळी साधारणपणे ३२ किलोबाइटच पाहू शकतो आणि पीपीयू चित्रांचे ८ किलोबाइट पाहतो. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा गेम बरोबर तेवढ्यात, ४० किलोबाइटमध्ये, बसवलेला आहे. त्याच मालिकेतला तिसरा गेम ३८४ किलोबाइटचा आहे आणि तो चालतो तो मॅपर नावाच्या चिपमुळे, जी मोठ्या मेमरीतला हवा तो तुकडा सीपीयूसमोर आणून ठेवते. त्या गेमची एमएमसी३ ही चिप पडद्यावरच्या ओळी मोजून ठरावीक ओळीला सीपीयूला इशाराही देते, म्हणून खालची गुणांची पट्टी स्थिर राहून वरचे दृश्य सरकते. वेगवेगळ्या कंपन्यांनी असे अनेक मॅपर बनवले. एकाच कार्ट्रिजने त्या सगळ्यांचे काम करायचे, तर त्याला गेमनुसार आपली अंतर्गत जोडणीच बदलावी लागते आणि ती एफपीजीए या चिपमुळे बदलता येते. तेव्हा ‘पुन्हा लिहिणे’ इथे दोन पातळ्यांवर घडते: मेमरीतला मजकूर बदलतो, आणि सर्किटही बदलते. मला या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

विकत घेणाऱ्याने एक गोष्ट जरूर तपासावी. जुनी यंत्रे पाच व्होल्टवर चालतात, तर आजच्या एफपीजीए आणि मेमरी चिप ३.३ व्होल्टच्या असतात. चांगल्या कार्ट्रिजमध्ये या दोघांच्या मध्ये व्होल्टेज जुळवणाऱ्या चिप बसवलेल्या असतात, स्वस्त कार्ट्रिजांतून नेमक्या त्याच वगळल्या जातात. असे कार्ट्रिज चालताना दिसते, परंतु त्याच्या चिपवर त्यांना न पेलणारा दाब पडत राहतो आणि यंत्रातल्या चिपनाही गरजेपेक्षा जास्त प्रवाह सोसावा लागू शकतो. कार्ट्रिज दुसरे घेता येईल. निन्टेन्डोचा मूळ सीपीयू आता कोणी बनवत नाही.

संगणकावर फॅमिकॉमची नक्कल करणारे मेसेनसारखे इम्युलेटर आज अतिशय अचूक झाले आहेत आणि माझे रोजचे काम मी त्यांच्यावरच करतो, कारण चूक कोणत्या ओळीत आहे हे खरे यंत्र सांगत नाही. मग खऱ्या यंत्राचा आग्रह कशासाठी? मी या यंत्रासाठी मराठी संवादांचा एक गेम लिहिला, आणि माझ्यापुरते याचे उत्तर देवनागरीत आहे.

फॅमिकॉमचा पडदा आठ बाय आठ बिंदूंच्या फरशांचा बनतो आणि पार्श्वभूमीसाठी एका वेळी अशा २५६ फरशा उपलब्ध असतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरे सव्वीस फरशांत बसतात. मराठीचे मात्र शिरोरेषा, वरच्या मात्रा, खालचे उकार आणि जोडाक्षरे सांभाळून वाचनीय अक्षर काढायचे, तर मला सोळा बाय सोळा बिंदू, म्हणजे चार फरशा लागल्या. या हिशेबाने सगळ्या फरशा अक्षरांना दिल्या तरी ६४ अक्षरे होतात, आणि साध्या दोन-चार संवादांतली ‘क्ष’, ‘त्या’, ‘र्‍या’ मोजली की ती संख्या ओलांडली जाते. म्हणून चित्रांसाठी न बदलणाऱ्या रॉमऐवजी लिहिता येणारी रॅम असलेली रचना मी निवडली. प्रोग्राम पडद्यावरच्या वाक्याला लागणारीच अक्षरे त्या रॅममध्ये काढतो आणि वाक्य बदलले की त्यांच्या जागी पुढची काढतो.

हे लिखाण पडदा काढून झाल्यावर मिळणाऱ्या छोट्या सवडीतच करावे लागते, आणि ती सवड सीपीयूच्या सुमारे २२७० आवर्तनांची असते. एका अक्षराचे ६४ बाइट होतात. हलणारी चित्रे अद्ययावत करण्याचा वेळ वजा केला, तर एका चौकटीत, म्हणजे पडदा एकदा काढून होण्याच्या वेळात, दोन अक्षरे सुखाने लिहिता येतात, तिसऱ्याला लूप फार काटेकोर लिहावा लागतो. सुदैवाने संवाद एकेक अक्षराने उमटणे डोळ्यांनाही बरे वाटते.

इम्युलेटरमध्ये हे सारे नीट दिसत होते. खऱ्या यंत्रावर, जुन्या काचेच्या टीव्हीवर ते नेल्यावर वेगळेच चित्र समोर आले. एका बिंदूचा अनुस्वार संमिश्र, म्हणजे एकाच तारेतून येणाऱ्या, व्हिडिओच्या संकेतात इतका विरघळला की ‘मंद’ आणि ‘मद’ यांत फरक कळेना. पडद्याच्या वरच्या कडेला लावलेली ओळ टीव्हीच्या चौकटीखाली गेल्याने तिच्या वेलांट्या आणि मात्राच कापल्या गेल्या. अनुस्वार दोन बिंदू रुंद केला, मजकूर खाली सरकवला, शिरोरेषेचा रंग पार्श्वभूमीपासून अधिक दूर नेला. अशी प्रत्येक दुरुस्ती कार्डावर फाइल टाकून लगेच पाहता आली, आणि ईप्रॉम व दिव्याच्या मार्गाने हे काम मी कधीच पूर्ण केले नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. माझ्याकडच्या जुन्या नकली यंत्रात निन्टेन्डोच्या चिपऐवजी युएमसी कंपनीची पाल या टीव्ही संकेताच्या पद्धतीची चिप आहे, आणि भारतातले टीव्ही पाल पद्धतीचेच होते. ही चिप सेकंदाला साठऐवजी पन्नास चौकटी काढते, परंतु सीपीयूचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळच्या जवळपास तेवढाच, राहतो. त्यामुळे साठ चौकटींसाठी रचलेले संगीत तिच्यावर जवळजवळ त्याच सुरात, पण सहाला पाच या प्रमाणात संथ वाजते. ज्यांचे बालपण अशा यंत्रावर गेले त्यांना मूळ चाल घाईची वाटते, याचे कारण हे आहे. माझा गेम मी दोन्ही लयी ओळखून संगीताचा वेग बदलेल असा लिहिला, आणि याची खात्री त्याच यंत्रावर करून घेतली.

हक्कांचा प्रश्न टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. कंपनीने गेम विकणे थांबवले म्हणून त्यावरचा तिचा हक्क संपत नाही, आणि महाजालावरून उचललेल्या फाइलींनी कार्ड भरणे हा फ्लॅश कार्टचा सर्वांत कमी रंजक उपयोग आहे. आपल्याकडची मूळ कार्ट्रिजे वाचून घेणारी उपकरणे मिळतात. शिवाय आजही फॅमिकॉमसाठी नवे गेम लिहिणारे लोक आहेत आणि ते आपली फाइल रास्त किमतीला विकतात. मॉर्फकॅट गेम्सचा ‘मायक्रो मेजेस’ हा २०१९ चा गेम चौघांना एकत्र खेळता येतो, आणि तोही जुन्या ४० किलोबाइटच्या मर्यादेत. तो विकत घेऊन कार्डावर टाकावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

ज्यांना स्वतः लिहायचे आहे त्यांनी सीसी६५ या मोफत साधनाने सुरुवात करावी. त्यात सी भाषेचा कंपायलर आणि असेंब्लर दोन्ही आहेत. सी भाषेत खेळ उभा राहतो, पण पडदा बदलण्याच्या त्या छोट्या सवडीतले काम असेंब्लीतच, म्हणजे थेट सीपीयूच्या सूचनांच्या भाषेत, लिहावे लागेल, याची मनाशी तयारी असू द्यावी. एसडी कार्डाचे कार्ट्रिज महाग वाटले, परदेशातून मागवताना त्यावर सीमाशुल्कही पडते, तर मोडक्या कार्ट्रिजच्या बोर्डवर सॉकेट बसवून फ्लॅश चिपने काम भागते. सॉकेट, डाख देण्याचे सामान आणि स्वस्त चिप प्रोग्रामर यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली पालथी घालावी. मात्र बोर्ड घेताना त्यावर खऱ्या, पायांच्या चिप आहेत ना ते पाहावे. काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली चिप काढता येत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त कार्ट्रिजांत तीच सापडते.